नंदीबैलाच्या शिंगाचा रंग

मैत्रिणींनो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काही काम काढलं असेल, तर ते पुढे ढकललेलं बरं. सकाळपासून महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत निघालेली असते, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि संध्याकाळ झाली की गल्लीगल्लीत पोट्टेपाट्टे आपापला लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार हिंडतात. हा आमचा तान्हा पोळा. श्रावण अमावास्येला शेतकऱ्याच्या खऱ्या बैलांचा पोळा झाला की भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला मुलांच्या लाकडी बैलांचा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली प्रथा, असं इथले जुने लोक सांगतात. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड. दारात आलेल्या नंदीला ओवाळायचं आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवायचा, म्हणजे थोडे पैसे, खाऊ, काय असेल ते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना याचं भारी नवल वाटतं. आम्हाला मात्र तान्ह्या पोळ्याशिवाय मूल मोठं झालं असं वाटतच नाही.

आमच्या घरीही असा एक बैल आहे. वीतभर उंच, चार चाकांचा, सागाचा. माझ्या मिस्टरांच्या लहानपणी सासऱ्यांनी घेतलेला. मिस्टरांनी ओढला, नंतर माझ्या दोन्ही मुलांनी ओढला. दर दोन-चार वर्षांनी पोळ्याच्या आधी त्याला नवा रंग चढायचा. अंग पांढरं, खूर काळे आणि शिंगं पिवळीधमक. मुलं कॉलेजात गेली तसा तो माळ्यावर गेला.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी नणंद पोळ्याला माहेरी आली. कडेवर सोळा महिन्यांचा भाचा. सासूबाईंना काय आनंद! लगेच बैल माळ्यावरून खाली आला, पुसला गेला, भाच्यापुढे ठेवला गेला. आम्ही दोघी नणंद-भावजया स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करत होतो. बाहेर सगळं शांत. लहान मूल असलेल्या घरात अशी शांतता झाली की समजून घ्यावं, काहीतरी चाललंय. जाऊन बघते तर साहेब मांडी घालून बसलेले, बैलाचं शिंग तोंडात, लाळ गळते आहे आणि ओठांना पिवळ्या रंगाचे पापुद्रे चिकटलेले.

दात येत होते त्याचे. दात येणारं मूल काय तोंडात घालत नाही?

मी त्याचं तोंड पुसलं, बैल काढून घेतला. भोंगा सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, असू दे. लाकडाचाच तर आहे. तुझा नवरा याच बैलावर वाढला." मलाही तसं ते पटलं. प्लास्टिकचं खेळणं असतं तर मी आरडाओरडा केला असता, पण लाकूड म्हणजे आपल्याला कसं शुद्ध, सोज्वळ वाटतं. फक्त सुटलेला रंग पोटात जायला नको एवढंच डोक्यात आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच पॉलिशपेपर आणला आणि वऱ्हांड्यात बसून बैल घासायला घेतला. पिवळ्याखाली केशरी निघाला, केशरीखाली हिरवा, त्याच्याखाली पुन्हा पिवळा. रंगाची भुकटी माझ्या पदरावर, फरशीवर, दारातल्या पायपुसण्यावर. आणि भाचा रांगत रांगत तिथेच येऊन बसला, कारण त्याला बैल हवा होता.

मैत्रिणींनो, आजही तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो. कारण त्यानंतर चार दिवसांनी, बाळाला सर्दीसाठी दाखवायला नेलं तेव्हा नणंदेने सहज गंमत म्हणून बैलाची गोष्ट डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "रंग किती जुना होता?" आणि मग, "घासला कुणी? कुठे?" ते म्हणाले, शिंग चघळलं हे वाईट, पण कोरडा रंग घासून त्याची धूळ घरात केली हे त्याहून वाईट.

रंगातल्या शिशाबद्दल ते बोलत होते. शिसं हा जड धातू आपल्याला पूर्वीच्या पेट्रोलमुळे ऐकून माहीत आहे. आपल्या देशात २००० पासून शिसेमुक्त पेट्रोल सगळीकडे सक्तीचं झालं. रंगातलं शिसं मात्र त्यानंतरही खूप वर्षं राहिलं. चकचकीत ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल रंगात, शिशाचे क्षार घालतात. रंग खुलतो, लवकर वाळतो, उन्हात उडत नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे आमच्या बैलावरचे बहुतेक थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिवाय हा नियम घरगुती रंगांचा आहे. यंत्रांना, लोखंडी सामानाला लावायचे कारखान्यातले रंग त्यात येत नाहीत, आणि हार्डवेअरच्या दुकानातून सुटा रंग आणला तर तो कुठला, हे कोण सांगणार?

शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. मूल एकदम आजारी पडत नाही, म्हणून तर ते कळत नाही. चिडचिड, पोटदुखी, भूक मंदावणं, शाळेत लक्ष न लागणं अशी सगळी 'असतंच मुलांचं' म्हणून सोडून देण्यासारखी लक्षणं. मोठ्या माणसाच्या पोटात तेवढंच शिसं गेलं तर त्यातलं जेवढं शरीरात राहतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या शरीरात राहतं. पोट रिकामं असेल, रक्त कमी असेल तर आणखी जास्त. युनिसेफने २०२० मध्ये एक अहवाल काढला होता. त्यात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचं म्हटलं होतं, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं एकट्या भारतातली. याला खेळणीच कारण आहेत असं नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणं, वितळवणं हे फार मोठं कारण आहे, मसाल्यातली भेसळ आहे, काही ठिकाणची भांडी आहेत. पण खेळणं आपण स्वतः पैसे देऊन आणतो आणि मुलाच्या हातात ठेवतो.

भाच्याच्या रक्ताची तपासणी केली. रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा नणंद माझ्याशी सरळ बोलत होती, पण मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्राम अशी आहे, त्याच्या पुढे गेलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. भाच्याचा आकडा त्याच्या आत आला. शून्य नव्हता. डॉक्टर म्हणाले, शिशाची सुरक्षित अशी पातळी नसतेच, पण घाबरू नका. नाचणी, पालेभाज्या, दूध, लिंबू द्या, लोह-कॅल्शियम नीट असलं की शरीर शिसं कमी ओढून घेतं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा उतरला होता. तेव्हा कुठे मी नणंदेकडे मोकळेपणाने जेवायला गेले.

घराचं काय केलं, तेही सांगते, कारण माझी चूक दुसरीने करू नये. झाडू अजिबात मारला नाही, त्याने धूळ आणखी उडते. वऱ्हांडा आणि बाहेरची खोली ओल्या फडक्याने तीन-तीनदा पुसली, फडकी टाकून दिली. पायपुसणंही टाकलं. जुना रंग घासायचाच नाही, जाळायचा तर मुळीच नाही. तो बैल कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला.

पण माझ्या मनात दुसरीच गोष्ट घर करून बसली होती. गेली दहा-बारा वर्षं आमचं महिला मंडळ दिवाळीआधी घरोघर फिरून जुनी खेळणी गोळा करतं आणि वस्तीतल्या मुलांना वाटतं. त्यात रंग उडालेले लाकडी घोडे असायचे, पोपडे आलेल्या पत्र्याच्या मोटारी असायच्या, चिकट झालेल्या रबरी बाहुल्या असायच्या. वाटताना फोटो काढायचे. छान वाटायचं. आपल्या मुलांनी टाकलेली आणि आता आपण आपल्या नातवाला हातही लावू देणार नाही अशी खेळणी आपण कुणाला दिली? ज्या मुलांच्या पोटाला पुरेसं नाही, अंगात रक्त नाही, त्यांना. आणि शिसं अशाच मुलाच्या अंगात जास्त जिरतं. मंडळाच्या बैठकीत हे मी बोलले तेव्हा थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "आपण चांगल्या मनाने दिलं ना." हो, मनाने चांगलंच दिलं. आता आम्ही रंग उडालेलं एकही खेळणं घेत नाही. कापडाची, धुता येणारी, आणि पुस्तकं एवढंच घेतो. गोळा होणारा ढीग निम्म्याहून कमी झाला आहे.

पुढच्या वर्षी श्रावणातच आम्ही तिघी-चौघी बाजारात गेलो. पोळ्याच्या आधी नागपुरात लाकडी बैलांची किती दुकानं लागतात, बघत राहावं. तळहातावर मावणारा बैल ते माणसाच्या कमरेएवढा बैल. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, रंग कोणता लावता? बहुतेकांनी सांगितलं, ऑइलपेंट. दोघांनी डबा दाखवला, त्यावर शिशाबद्दल छापलेलं होतं. बाकीच्यांना आमचा प्रश्नच विचित्र वाटला. एक म्हातारे कारागीर मात्र नीट बोलले. म्हणाले, "ताई, बिनरंगाचा बैल कोन घेते? पोट्ट्याले चमकदारच पायजे, आन् मायले बी. चमक नसन तर लोक म्हन्ते माल जुना हाय." त्यांचं काय चुकलं? लाकूड ते मनापासून घडवत होते, कान, वशिंड, गळ्याची पोळी, सगळं हुबेहूब. चमक आपण मागितली म्हणून ते लावत होते.

आम्ही त्यांना अकरा बैल बिनरंगाचे सांगितले. फक्त बारीक पॉलिशपेपर मारलेले, कोपरे गोल केलेले, चाकांना खिळ्याऐवजी लाकडी खुंटी. आगाऊ पैसे दिले. ते आधी हसले, मग म्हणाले, रंगाचे पैसे वाचतात तर भाव कमी लावतो. आम्हीच नको म्हटलं. खुंटी बसवायला खिळ्यापेक्षा वेळ जास्त लागतो.

रंग घरी द्यायचा ठरलं. इथे आमच्या सासूबाई कामाला आल्या. बैल माळ्यावर गेल्यापासून त्या जरा घुश्शातच होत्या, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" वगैरे चाललं होतं. त्या उमरेडकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या लहानपणी लाकडी बैल श्रीमंताघरी, बाकीच्यांचे बैल मातीचे. मी विचारलं, "आई, तुम्ही मातीच्या बैलांना काय लावायच्या?" तर म्हणाल्या, "गेरू. आणि शिंगांना हिंगूळ, कपाळाला शेंदूर."

इथे मला परत थांबावं लागलं. कारण जुनं ते सगळं निरोगी असंही नाही, बरं का. खरा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे चक्क शिशाचं. बाजारातल्या सुरम्यातही शिसं असतं. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही मेलोच असतो!" मी म्हटलं, "नाही हो, पण तुम्ही तो बैल चघळत नव्हत्या." हसल्या एकदाच्या.

शेवटी ठरलं ते असं. अंगाला गेरू, डिंकाच्या पाण्यात कालवलेला. पिवळ्यासाठी घरी कुटलेली हळद. घरी कुटलेली अशासाठी की पिवळा रंग खुलावा म्हणून विकतच्या हळदीत शिशाचंच पिवळं मिसळल्याची प्रकरणं उघडकीला आलेली आहेत. डोळ्यांना तुपाच्या दिव्यावर धरलेली काजळी. पाठीवर तांदळाच्या पिठाचे ठिपके. सासूबाईंनी अकराच्या अकरा बैलांचे डोळे स्वतः काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हात लावला की गेरू बोटांना लागतो, हे खरं. पिठाच्या ठिपक्यांना एका रात्रीत मुंग्या लागल्या, हेही खरं. पुढच्या वर्षी ठिपके पांढऱ्या मातीचे देऊ.

बैलाच्या साजाबद्दल मात्र सांगायलाच हवं. आपण रंगाचं बोलतो आणि घुंगरू विसरतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्यातून सुटा भाग निघता कामा नये, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. तपासायची सोपी युक्ती म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी. जे त्या डबीत मावतं ते लहान बाळाच्या घशातही जाऊ शकतं. घुंगरू मावतं, आरशाचा तुकडा मावतो, चिकटवलेला काचेचा डोळा मावतो, सागरगोटा आणि चिंचोकाही मावतो. आजकाल बाजारात बटण दाबलं की हंबरणारे, दिवे लागणारे बैलही आले आहेत. त्यात चपटा, नाण्यासारखा सेल असतो. त्या सेलचं झाकण स्क्रूने बंद असेल तरच ते घरात आणा. असा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, तेव्हा उलटी काढत बसायचं नाही, केळं भरवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आमच्या गावात तान्हा पोळाच नाही, आम्ही आठवडी बाजारातून प्लास्टिकचं खेळणं आणतो, त्याचं काय? मऊ, वाकणारं, उग्र वासाचं प्लास्टिक टाळा. ते मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात, आणि ती लाळेत उतरतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१० मध्ये बाजारातली खेळणी तपासून हे दाखवून दिलं होतं. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्लीच्या बाजारातली बाहेरून आलेली खेळणी तपासली, तर दर तीनातली दोन नापास झाली. त्यानंतर सरकारने नियम केला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. खोक्यावर ते चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं अॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. कुणी म्हणेल, एवढं कोण करतं? साडी घेताना आपण पदर उलगडून, उजेडात नेऊन बघतो की नाही?

हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या चिन्हातून सूट आहे. ते योग्यच आहे, नाहीतर म्हाताऱ्या सुताराने प्रयोगशाळेचे पैसे कुठून आणायचे? पण मग तिथे विचारायची जबाबदारी आपल्यावर येते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांना लाखेचा रंग असतो, लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून चढवलेला. लाख तोंडात गेली तरी विषारी नाही, मात्र तिच्यात रंग कोणता मिसळला ते विचारावंच. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं, भाज्या मला फार आवडतात, मुलीच्या भातुकलीत होती. तिथेही हेच विचारावं. नीट विचारलं तर कारागीर रागावत नाही, हा माझा अनुभव. रागावतो तो मधला दुकानदार.

आणि ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही त्यांनी पुण्याच्या अरविंद गुप्तांची खेळणी बघावीत. काडेपेटी, सायकलची ट्यूब, जुनं वर्तमानपत्र, यांतून त्यांनी आयुष्यभर मुलांसाठी विज्ञानाची खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती थोड्या मोठ्या मुलांसाठी. रांगत्या बाळाला तर स्टीलची वाटी आणि चमचा दिला तरी तासभर पुरतो, शेजाऱ्यांची झोप मोडते एवढंच.

आमच्या अकरा बैलांपैकी आठ गल्लीत फिरले. दोन घरांनी आयत्या वेळी चमकदार बैल आणला, कारण मूल रडलं. एक बैल नणंदेकडे गेला, भाच्यासाठी. तो आता सव्वातीन वर्षांचा आहे, शिंग चघळायचं वय गेलं, आता बैलाला भाकरी भरवतो. फोनवर सासूबाईंना सांगतो, बैल जेवत नाही म्हणून.

जुना बैल अजून कपाटावर आहे. पोळ्याच्या दिवशी सासूबाई खुर्ची ओढून मला वर चढवतात, कापड न काढता त्याच्यापुढे निरांजन ओवाळायला लावतात आणि मग साबणाने हात धुवून ये म्हणतात. यंदाची ऑर्डर आम्ही त्या कारागिरांना आषाढातच देऊन आलो. पंचवीस बैल. त्यांनी विचारलं, "ताई, यंदा खुंट्या साग्याच्या लावू की बाभळीच्या?" मला काय कळतंय त्यातलं? म्हटलं, तुम्हीच ठरवा.